कोण काय खातं: पुण्याभोवती उंदरांच्या मागावर

शुक्रवार

दिवे घाट चढत असताना मागच्या सीटवरून जुईनं विचारलं, "मामा, गाडीला पीनट बटरचा वास लागला तर चालेल ना?" डबा तोवर उघडून झाला होता. डिकीत घडीचे ॲल्युमिनियमचे पिंजरे, कापूस, कापडी पिशव्या, स्प्रिंगचा काटा, ढीगभर छोट्या बाटल्या आणि शिक्क्यांच्या परवानग्यांची एक जाड फाइल. भाची प्राणिशास्त्राची. तिचा विषय असा, की एकाच माळावर पाच-सहा जातींचे उंदीर राहतात, तर एकमेकांच्या तोंडचा घास न पळवता ते नांदतात कसे? हे शोधायचं तर ते काय खातात ते कळायला हवं, आणि ते कळायचं तर त्यांच्या लेंड्या गोळा करायला हव्यात. मी निवृत्त, हाताशी गाडी, आणि "पोरगी रात्रीची रानात एकटी नको" असं ताईचं फर्मान. जायला एवढं कारण पुरे होतं.

सासवड, जेजुरी करत मोरगावला थांबलो. उंदरांच्या कामाला निघालेल्यांनी गणपतीला चुकवून जाऊ नये. पण इथला गणपती मयूरेश्वर, त्याचं वाहन मोर, आणि देवळासमोर नंदी. म्हणजे आमचा वशिला लागायची शक्यता कमीच. जुईनं तरी पेटीत दहा रुपये टाकले.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा बघायला लोक येतात आणि तासाभरात परततात. आमचा मुक्काम हद्दीबाहेर, नानांच्या रानात. नाना म्हणजे जुईच्या मैत्रिणीचे आजोबा. त्यांच्या जमिनीचे दोन भाग आहेत. वर मुरमाड पड. कुसळी, पवन्या, मधूनच बोरी-बाभळी. खाली ओढ्याकाठी काळी जमीन, तिच्यात शाळू उभा, कणसं दुधात येऊन आता हुरड्याला आलेली. मधे बांध. पडीच्या वरच्या टोकापासून ओढ्यापर्यंत चालत गेलं तर पाच मिनिटं लागत नाहीत, आणि तेवढ्यात उंदरांच्या निदान पाच जाती.

उजेड होता तोवर पिंजरे लावले. आत कापसाचा बोळा घालायचा, कारण जानेवारीतली सुप्याची रात्र पत्र्याच्या डब्यात दहा ग्रॅमच्या जिवाला मारू शकते. पीनट बटर आणि ओट्सची गोळी मागच्या बाजूला. मी विचारलं, "अगं, तूच खायला घातलंस तर त्याच्या लेंडीत हेच निघणार ना?" जुई हसली. हा प्रश्न तिला मार्गदर्शकांनीही पहिल्याच दिवशी विचारला होता म्हणे. उपाय असा की गोळी मुगाएवढीच ठेवायची, पिंजरे पहाटेच उघडायचे आणि ओट्सचे तुकडे भिंगाखाली कसे दिसतात ते आधीच पाठ करून ठेवायचं. शिवाय निम्म्याहून जास्त लेंड्या पिंजऱ्यातल्या नसतातच, त्या वाटांवरून आणि बिळांच्या तोंडावरून उचललेल्या असतात.

रात्री जेवणानंतर बॅटरीला लाल कागद लावून पडीवर गेलो. दहा-बारा पावलांवर एक जण मागच्या पायांवर उभा. फिकट तपकिरी अंग, पांढरं पोट, मोठे काळेभोर डोळे, आणि अंगापेक्षा लांब शेपटी, टोकाला काळा गोंडा. हे जर्बिल, शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका. बी वेचायचं, दोन्ही हातांत धरून सोलायचं, टरफल टाकायचं आणि पुढे सरकायचं, असं अर्धा तास चाललं. मग कुठलासा आवाज झाला आणि ते उड्या मारत बोरीच्या जाळीत गेलं. जिथं बसलं होतं तिथं जमिनीवर टरफलांचा बारीक थर होता. जुईनं तो चिमटीनं पाकिटात भरला.

या जर्बिलाला आपल्या प्लेगच्या इतिहासातही जागा आहे. माणसाच्या वस्तीपासून लांब, रानातल्या रानात प्लेगचा जंतू टिकवून धरणाऱ्या प्राण्यांत त्याचं नाव घेतलं जातं. १८९७ चं पुणं शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या माणसाला हे ऐकून हातमोजे नीट घालावेसे वाटतात.

शनिवार

पहाटे साडेपाचला पिंजरे. आजच्या दिवसाबद्दल सविस्तरच लिहितो, कारण खरी गंमत इथेच होती.

पडीच्या वरच्या, उघड्या भागातल्या पिंजऱ्यांत जर्बिलं. त्याच्या जरा खाली, खडकाळ तुकड्यात, एका छोट्या बिळाच्या तोंडाशी हरभऱ्याएवढे खडे गोल मांडून ठेवलेले. मला वाटलं पोरांचा खेळ. पण हे मस प्लाटिथ्रिक्स नावाच्या, चपट्या काटेरी केसांच्या छोट्या उंदराचं काम. तो खडे तोंडात धरून आणतो आणि दारात रचतो. पिंजऱ्यात तो सापडला तेव्हा मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा होता, आणि पाठीवरून उलटं बोट फिरवलं तर केस टोचत होते.

जिथं गवत दाट, गुडघ्याएवढं, तिथं गोष्ट वेगळी. जुईनं गवत हातानं बाजूला सारलं आणि खाली बोगदा निघाला. दोन बोटं रुंद, तळ चोपून गुळगुळीत झालेला, वर गवताचं छत. मधेमधे कापलेल्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे आणि त्यांच्याशेजारी हिरवट लेंड्यांचे ढीग. या वाटा गोलुंडा एलिओटी या उंदराच्या. बाकीचे उंदीर रात्रीचे, हा पहाटे आणि संध्याकाळीही उजेडात फिरतो. जुन्या इंग्रज मळेवाल्यांनी याला कॉफीचा उंदीर म्हटलं होतं, कारण दक्षिणेत तो कॉफीच्या फांद्या आणि कळ्या कुरतडायचा. इथं त्याला कॉफी कुठली मिळायला. इथं तो गवत खातो, म्हणजे खरंच गवतच. खोड, पातं, कोंब. एवढ्याशा जिवाला गवत पचवणं सोपं नाही. त्यासाठी मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जंतूंनी भरलेली ऐसपैस पिशवी लागते, आणि एकदा पोटातून गेलेलं पुन्हा खाऊन त्यातलं उरलंसुरलं काढून घ्यावं लागतं. म्हणून त्याच्या लेंड्या इतक्या, आणि हिरव्या. जुईच्या दृष्टीनं सगळ्यात दिलदार गिऱ्हाईक.

बांधापलीकडे काळ्या रानात पिंजरे उघडले तर मिलार्डिया मेल्टाडा, मऊ केसांचा शेतउंदीर. याला बीळ खणायचा कंटाळा. काळी जमीन वाळून भेगाळली की भेगांतच संसार थाटतो. ओलिताच्या कडेला याची वस्ती जास्त. आणि त्याच ओळीत शेवटच्या पिंजऱ्यात मस बुडुगा, शेतातली चिटुकली उंदरी. काट्यानं वजन दाखवलं नऊ ग्रॅम. ती पिशवीतून जुईच्या हातमोज्यावर आली, मिशा थरथरवल्या, मागच्या पायानं कान खाजवला आणि एक लेंडी टाकून तिळाएवढ्या उपकाराची परतफेड केली. जुईनं बाटलीवर नंबर घातला, पाठीवरचे चिमूटभर केस कापून घेतले आणि तिला जिथं पकडली होती तिथंच सोडलं.

केस कशाला, हे मी नाश्त्याला विचारलं. उत्तर ऐकण्यासारखं होतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि माळावरचं बहुतेक गवत हवेतला कार्बन एका रीतीनं बांधतं. भात, गहू, हरभरा, भुईमूग, झुडपं आणि झाडं दुसऱ्या रीतीनं. त्यामुळे दोन्हींत जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं पडतं. ते खाणाऱ्याच्या केसात उतरतं आणि महिनोन् महिने तिथं राहतं. लेंडी कालचं जेवण सांगते, केस गेल्या हंगामाचं. अडचण एकच. ज्वारी आणि कुसळी दोन्ही पहिल्या गटातल्या, तेव्हा उंदरानं नानांचा शाळू खाल्ला की देवाचं गवत, हे केसावरून कळत नाही. त्यासाठी परत लेंडीच.

नऊच्या सुमारास नानांनी शेणाच्या गोवऱ्यांवर कणसं भाजायला घातली. हुरडा, लसणाची चटणी, गूळ, दही. खाता खाता नाना म्हणाले, "तुम्ही उंदरं धरताय आणि सोडून देताय, हे गावात सांगू नका." मग हाताला धरून शाळूत घेऊन गेले. वाकलेली ताटं, अर्धी कुरतडलेली कणसं, खाली सांडलेला भुसा. "हे कोणत्या उंदराचं?" मी जुईला विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यांचं."

आणि मग तिनं जे सांगितलं त्यासाठीच हे सगळं लिहितोय. आपण समजतो की ज्याचं खाणं वेगळं ठरलेलं आहे ते बारा महिने तेच खातात. तसं नसतं. सुगीत सगळ्यांची एकच पंगत बसते. जर्बिल पडीवरून खाली उतरतं, बुडुगा सांडलेले दाणे वेचते, मिलार्डिया ताटावर चढून कणीस गाठतो, गोलुंडासुद्धा अधूनमधून तोंड मारतो. अन्न इतकं असतं की कोणी कोणाच्या आड येत नाही. पंगत उठते ती होळीनंतर. रान मोकळं, गवत वाळून भुकटी, बी संपलेलं. तेव्हा प्रत्येकाला जे फक्त त्यालाच जमतं त्याच्यावर दिवस काढावे लागतात. जर्बिल कडक जमीन उकरून मुळं आणि कंद काढतं, वाळवी खातं. पाण्यासाठी त्याला ओढ्यावर जावं लागत नाही, अन्नातल्या ओलाव्यावर भागवतं आणि लघवी अतिशय दाट करतं. गोलुंडाला वाळलेल्या काडीतून काहीतरी काढता येतं, ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. बुडुगाला पोटच एवढंसं, तिला तणाचं बारीक बी आणि चार मुंग्या-किडे पुरतात. मिलार्डिया ओलाव्याला चिकटून राहतो. म्हणजे कोण कोणापासून किती वेगळा, ते ठरतं उन्हाळ्यात. हुरड्याच्या दिवसांत येऊन कोणी अभ्यास केला तर त्याला वाटेल, सगळे सारखेच.

हे फक्त सुप्यातलं नाही. गॅलापॅगसच्या फिंच पक्ष्यांमध्येही हेच दिसलं: पावसानंतर सगळे मऊ, सोपं तेच खातात, आणि कोरड्या दिवसांत ज्याची जशी चोच तसं ज्याचं त्याचं बी. दात-चोचींतले फरक उपयोगी पडतात ते टंचाईत.

दुपारी ऊन तापल्यावर बाभळीखाली आडवा झालो आणि जुईनं अमेरिकेची गोष्ट सांगितली. ॲरिझोनात पोर्टल गावाजवळच्या वाळवंटात जेम्स ब्राऊन यांनी १९७७ साली ५० मीटर बाय ५० मीटरचे २४ चौकोन कुंपणानं आखले. कुंपणाला भोकं ठेवली, पण वेगवेगळ्या मापांची. काही चौकोनांत सगळे उंदीर ये-जा करू शकत, काहींत मोठे कांगारू-उंदीर अडत आणि फक्त छोटे आत जात. हे कांगारू-उंदीर मोठ्या बिया पसंत करणारे. बारा वर्षांत ते नसलेल्या चौकोनांत झुडपांच्या जागी उंच गवत माजलं. एका गटाचं खाणं थांबलं तर अख्खी जमीन रूप बदलते. नाना हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "मग आमच्या पडीवर गवत कमी का, ते शेळ्यांना विचारा."

संध्याकाळी ओढ्याच्या कड्याखाली घुबडाच्या बसण्याची जागा दाखवली. मोठं शृंगी घुबड. खाली त्यानं ओकून टाकलेल्या केसाळ गोळ्या. पाण्यात भिजवून सोडवल्या की आत जबडे, बरगड्या, कवट्या. खालच्या जबड्यातल्या दाढांचा नक्षा बघून जात ओळखता येते. माळावर कोण कोण राहतं याची यादी करायला घुबडाइतका स्वस्त मदतनीस नाही, फक्त त्याची आवडनिवड हिशेबात धरायची.

रविवार

पहाटे निघून पुण्यात अंघोळी आणि थेट पौडच्या रस्त्यानं मुळशी. रविवार म्हणजे ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. त्याबद्दल काही लिहीत नाही, पुणेकरांना माहीत आहे.

आंबेमोहोराची खाचरं आता नुसत्या धसकटांची. काहींत वाल आणि हरभरा. बांधावर दर पंधरा-वीस पावलांवर ओल्या मातीचा उकीर, ताजा, भुसभुशीत. सुप्यात असं काही दिसलं नव्हतं. हा बँडिकोटा बेंगालेन्सिस, घुशीचा धाकटा भाऊ. तोंड आखूड, अंग काळसर, स्वभाव वाईट. एका बिळात सहसा एकच. दुसरा आला तर केस फुलवून, घशातून आवाज काढून मारामारी. पाण्यात पोहतो, म्हणून भाताच्या चिखलात टिकतो. पावसात खाचर भरलं की बांध हाच त्याचा वाडा.

आमच्याबरोबर लहूदादा होते, जवळच्या कातकरी वाडीतले. त्यांना जुईच्या मार्गदर्शकांनी पूर्वीच कामाला बोलावलेलं, रोजावर. उकिराकडे बघून त्यांनी सांगितलं की हा रात्रीचा आहे, हा परवाचा, आणि इथं कोणी राहत नाही. कसं, विचारलं तर म्हणाले, "माशी बसत नाही बघा." मला माशी दिसली नाही, पण बीळ खरंच रिकामं निघालं.

राहतं बीळ त्यांनी कुदळीनं कापलं. हे बघायलाच हवं असं होतं. मुख्य वाट बांधाच्या आत दोन हात जाऊन फुटली. एक फाटा वर, मातीनं बुजवलेला: पळायचं दार, एका धक्क्यात उघडणारं. एक फाटा गवताच्या गादीकडे. आणि सगळ्यात खोल, कोरड्या जागी, कोठार. लोंब्या. आख्ख्या लोंब्या, देठापासून कापलेल्या, एका दिशेनं रचलेल्या, वरच्या अजून पिवळ्याधमक, तळाच्या काळवंडलेल्या. नोव्हेंबरात कापणी झाली, आता जानेवारी अर्धा गेला, आणि खाचरात दाणा नाही; इथं मात्र शिलकी माल. उंदीर मागच्या दारानं केव्हाच पसार. लहूदादांनी वरच्या लोंब्या टोपलीत घेतल्या आणि तळाच्या तिथंच ठेवल्या. पूर्वी त्यांच्याकडे कापणीनंतर बांध खणून निघालेलं भात घरी न्यायचे, उंदीरही खायचे. आता रेशनवर तांदूळ मिळतो, तरी बिळातलं भात वाया का घालवायचं, असं त्यांचं म्हणणं.

शेतकरी या उंदरावर चिडतो तो कोठारापेक्षा आधीच्या नुकसानीसाठी. पीक पोटरीत आलं की हा बुडातून कापतो, थोडं खातो आणि पुढच्या बुंध्याकडे जातो. त्याच खाचरात मिलार्डिया आणि बुडुगाही असतात, पण बुडुगाचं काम सांडलेल्या दाण्यांवर आणि किड्यांवर. साठा करायची अक्कल फक्त या एकाची. म्हणजे उन्हाळ्याची टंचाई टाळायची त्याची तऱ्हा वेगळी: खाणं बदलण्याऐवजी सुगीच पुढे ढकलायची.

सोमवार

सिंहगड सोमवारी पहाटेच गाठायचा, असं जुईचं पक्कं होतं. रविवारची गर्दी उतरून गेलेली आणि झाडूवाले अजून आलेले नसतात. पुणे दरवाज्यातून आत शिरताना साडेसहा वाजले होते. थंडी मरणाची.

हा गड उंदरांच्या दुनियेत प्रसिद्ध आहे, हे मला साठी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. पुण्यातली विषाणू संशोधन संस्था १९५२ सालची. तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर. कुठल्या प्राण्यात कुठला विषाणू हे शोधायचं तर आधी प्राणी ओळखावे लागतात, म्हणून तिथली मंडळी रानोमाळ उंदीर पकडत. त्यातल्या मिश्रा आणि धांडा यांच्या लक्षात आलं की सिंहगडावरचा मऊ केसांचा उंदीर शेतातल्यापेक्षा मोठा आणि वेगळा आहे. १९७५ साली त्यांनी त्याला नवी जात म्हणून जाहीर केलं: मिलार्डिया कोंडाणा. गडाचं जुनं नाव उंदराला. आडनाव म्हणावं ते मिलार्डिया हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्यावरून. त्यांच्या पुढाकारानं १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी झाली होती. सिंहगडावर वर्षानुवर्षं पिठलं-भाकरी खाल्लेल्या माझ्यासारख्याला तानाजीशिवाय तिथं दुसरं कोणी आठवलं नव्हतं.

हा कोंडाणा उंदीर धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. गंमत म्हणावी की काय, आपल्या वन्यजीव कायद्यात उंदीर सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होते, कावळ्याच्या आणि फळं खाणाऱ्या वटवाघळाच्या पंगतीला. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. तोवर जगात मोजक्याच जागी उरलेला उंदीर कागदोपत्री उपद्रवी.

देवटाक्याच्या वरच्या उतरंडीवर, झुडपांच्या आणि गवताच्या सीमेवर त्याची बिळं. इथं पिंजरे लावायची परवानगी नाही आणि जुईला नकोही होती. ती गुडघ्यावर बसून चिमट्यानं लेंड्या उचलत होती, मी बाटल्यांवर नंबर घालत होतो. बिळापासून हाकेच्या अंतरावर दुकानांच्या मागची उतरंड. तिथं मडक्यांच्या खापऱ्या, कणसांचे बुरखे, भजीचे तेलकट कागद, अर्ध्या भाकऱ्या. आणि त्यांत दिवसाढवळ्या फिरणारा घरउंदीर, काळसर, लांब शेपटीचा, आपल्या पेठांतल्या माळ्यावर असतो तोच.

सुप्यात नानांच्या शाळूची पंगत होळीला उठते. इथली उठतच नाही. पावसाळ्यात कणसं, हिवाळ्यात भजी, उन्हाळ्यात ताक-भाकरी, दर शनिवार-रविवारी. टंचाईच नसेल तर ज्याला फक्त गडावरच्या गवतात जगता येतं त्याचा फायदा कसला? उलट जो कुठलंही अन्न पचवतो आणि माणसाला घाबरत नाही, तो घरउंदीर वर येतो आणि टिकतो. दुकानदारांना दोष देण्यात अर्थ नाही, भजी मीही खाल्ली. पण कचरा खाली न्यायची व्यवस्था रोजची हवी, आणि ती रविवारी रात्रीच हवी. सोमवारी सकाळपर्यंत सांडलेलं सगळं खाऊन झालेलं असतं.

मंगळवार

भीमाशंकर. धावती भेट, कारण जुईला तिथल्या सहकाऱ्याकडून बाटल्या घ्यायच्या होत्या.

जंगलात वाटणी उंचीनं होते. राज्यप्राणी शेकरू वरच्या फांद्यांवर, जमिनीवर क्वचितच; मागच्या पायांनी फांदीला लटकून, शेपटीचा तोल सांभाळत, दोन्ही हातांनी फळ धरून खातो. फळांवरच जगतो असं वाटतं, पण पानं, साल, फुलं, बिया सगळं चालतं. इथल्या शेकरूच्या खाण्यावर रेनी बोर्जेस यांनी १९८० च्या दशकात बारकाईनं काम केलं आहे. त्याच्या खाली खारी. आणि रात्री जमिनीवर साळिंदर: कंद, मुळं, पडलेली फळं, झाडाची साल, आणि खनिजांसाठी चक्क हाडं आणि सांबराची गळालेली शिंगं कुरतडणारा. शेकरूही कृंतक, साळिंदरही, नऊ ग्रॅमची बुडुगाही. पुढचे दात जन्मभर वाढणारे, एवढं साम्य पुरे.

शेकरू दिसला. दहा मिनिटं. फोटोत शेपटीच आली.

गुरुवार

बुधवारी झोप. गुरुवारी जुईनं तिच्या प्रयोगशाळेत बोलावलं.

लेंडी ब्लीचमध्ये थोडा वेळ ठेवायची, चाळायची, ग्लिसरिनच्या थेंबात पसरायची, वर काच. पहिली स्लाइड गोलुंडाची. गवताची साल सरळ दिसते: लांब पेशींच्या समांतर ओळी, मधेमधे डंबेलच्या आकाराचे सिलिकाचे कण, श्वसनरंध्रंही ओळीनं. रुंद पानाच्या झाडाचा तुकडा असता तर पेशींच्या कडा वेड्यावाकड्या आणि रंध्रं विखुरलेली असती. इथं अख्खी स्लाइड गवतानं भरलेली. दुसरी बुडुगाची: तणाच्या बियांची काळी साल आणि एका मुंगीचं डोकं, जबड्यासकट. इतकं शाबूत की मी दचकलो.

याच माळावरच्या मागच्या मे महिन्यातल्या स्लाइड्स तिनं शेजारी लावल्या. मेमधल्या जर्बिलात मुळांचे तंतू आणि वाळवीचे जबडे. आताच्या जर्बिलात, मिलार्डियात आणि बुडुगात तिन्हीकडे ज्वारीची तूस. फरक उघड्या डोळ्यांना कळत होता. पण लगेच जुईनं माझा उत्साह मोडला. दाण्याचा गर पचून जातो, फक्त साल उरते, म्हणून बिया या पद्धतीत नेहमी कमी भासतात. अळ्या तर दिसतच नाहीत. डीएनए काढला तर काय खाल्लं ते कळतं, किती ते नीट कळत नाही. म्हणून तीन पद्धती, एकमेकींच्या चुका पकडायला.

शेवटी सिंहगडाची एक स्लाइड. "मामा, हे ओळखा बरं." लांबट, चौकोनी, एकाला एक लागलेल्या पेशी, पारदर्शक. आठवीत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात बघितलेलंच. कांद्याची साल. बेसन पचलं होतं, तेल गेलं होतं, कांद्याच्या पेशींच्या भिंती तेवढ्या शिल्लक.

लेंडी कोणाची, घरउंदराची की कोंडाण्याची, हे आकारावरून ठरत नाही. ती बिळापासून पाच-सहा पावलांवर, गवतात मिळालेली. घरउंदराची निघाली तर तो दुकानांमागची जागा सोडून कोंडाण्याच्या दारापर्यंत पोचला आहे. कोंडाण्याची निघाली तर तोच भज्यांच्या पंगतीला बसायला लागला आहे. यातलं बरं कुठलं, असं मी विचारलं. जुई म्हणाली, दुसरं थोडं जास्त वाईट, कारण कचऱ्यापाशी दोघांची गाठ रोज पडणार, आणि तिथं घरउंदीर हरत नाही. बाटलीतली उरलेली अर्धी लेंडी तिनं डीएनएसाठी बाजूला काढली आणि मला सुप्याच्या मे महिन्यातल्या फेरीच्या तारखा लिहून घ्यायला सांगितल्या.